पानथरीची जखम: काढावी कीं राखावी?

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस आमच्या शाळेंतील आठव्या इयत्तेचा एक विद्यार्थी सायकलीवरून पडला. पडणें म्हणावें असेंहि तें नव्हतें. फाटकापाशीं चिखलांत पुढील चाक वांकडें झालें, सायकल थांबली, स्वार मात्र थांबला नाहीं, आणि हँडलचें टोंक त्याच्या डाव्या कुशींत, बरगड्यांच्या खालच्या कडेशीं रुतलें. तो उठला, चिखल झटकला, भोंवतालच्या मुलांबरोबर स्वतःहि हंसला व वर्गांत येऊन बसला. पोटावर रुपयाएवढा तांबडा वळ, एवढीच काय ती खूण. तासाभरानें तो माझ्याकडे येऊन म्हणाला, "सर, डावा खांदा फार दुखतो आहे. थोडा वेळ पडूं का?" पडतांना खांदा मुरगळला असेल असें समजून मीं त्यास चोळावयास मलम दिलें व शिक्षकांच्या खोलींतील बाकावर निजविलें. माझ्या हातून झालेली ही चूक येथें मुद्दाम नमूद करून ठेवितों. कारण खांद्यास कांहींच झालेलें नव्हतें. पुढचा तास संपतांना मीं डोकावून पाहिलें, तों मुलाचा चेहरा पांढराफटक, कपाळावर गार घाम, आणि नाडी इतकी जलद कीं मोजतां मोजतां माझीच गडबड उडाली.

त्यास तांतडीनें रुग्णालयांत नेलें. तेथें शिरेंतून द्रव देण्यांत आलें, सोनोग्राफी झाली, नाडी बरीच ताळ्यावर आली, मग सी. टी. स्कॅन झाला. शल्यवैद्य बाहेर येऊन म्हणाले कीं, पानथरी फाटली आहे, पोटांत रक्त सांडलें आहे, परंतु तूर्त शस्त्रक्रिया करावयाची नाहीं. मुलाचे वडील स्वभावानें शांत, पण हें ऐकतांच ते एकदम बोलून गेले, "डॉक्टरसाहेब, आंत रक्त सांडलें आहे असें आपणच सांगतां, आणि नुसते पाहात बसणार? आमच्याजवळ पैसे नाहींत असें वाटलें कीं काय आपणांस?" डॉक्टरांनीं त्यांस दोन वाक्यांत उत्तर दिलें, अधिक बोलण्यास त्यांस त्या वेळीं फुरसत नव्हती. परंतु तो प्रश्न कोणत्याहि आईबापांच्या तोंडीं येण्यासारखा आहे. त्याचें उत्तर जरा विस्तारानें द्यावें एवढ्याचसाठीं हा लेख आहे. यांतील बरीचशी माहिती मीं त्या दिवसांनंतर डॉक्टरांस विचारून व ग्रंथ चाळून मिळविली.

पानथरी हा शब्द आपल्या घरांतील वडीलधाऱ्या बायकांच्या तोंडीं आहे. वैद्यकाच्या ग्रंथांत तिला प्लीहा म्हणतात. पोटाच्या डाव्या बाजूस, अगदीं वर, जठराच्या मागल्या अंगास, नवव्या ते अकराव्या बरगडीच्या आडोशाला ती असते. निरोगी प्रौढ मनुष्याची पानथरी सुमारें १२ सेंटिमीटर लांब व १५० ग्रॅम, म्हणजे जुन्या मापानें तेरा तोळे, वजनाची असते. रंग जांभळट, आणि आंतून ती इतकी मऊ कीं रक्तानें भिजविलेल्या स्पंजाची उपमा तिला शोभावी. ह्या स्पंजाभोंवतीं एक पातळ आवरण असतें. हृदयानें बाहेर लोटलेल्या रक्ताचा सुमारें विसावा हिस्सा ह्या लहानशा अवयवांतून एकसारखा वाहात असतो. आवरण पातळ आणि आंत रक्त भरपूर, एवढें ध्यानांत ठेविलें म्हणजे पुढील बहुतेक सारें प्रकरण समजतें. पोटावर बोथट मार बसला, मग तो हँडलचा असो, क्रिकेटच्या चेंडूचा असो, आंब्यावरून पडल्याचा असो कीं मोटारीच्या अपघातांतला असो, कातडीवर जखम दिसत नाहीं. परंतु आंत पानथरी चेपली जाऊन फाटते. मुलांच्या बाबतींत आणखी एक गोष्ट आहे. मोठ्या मनुष्याची बरगडी मोडते, आणि मोडतां मोडतां माराचा कांहीं जोर आपल्यावर घेते. मुलाची बरगडी लवचिक. ती नुसती वांकते, व तो जोर जसाच्या तसा आंत जातो. म्हणून एकहि बरगडी मोडली नसतां मुलाची पानथरी फाटलेली असूं शकते.

आतां त्या खांद्याचें कोडें. छाती व पोट यांच्यामध्यें जो स्नायूंचा पडदा आहे, त्याला चेतना देणारा मज्जातंतु मानेंतून निघून खालीं येतो. आणि खांद्याच्या कातडीची संवेदना वाहून नेणारे तंतूहि मानेच्या त्याच भागाशीं जोडलेले असतात. सांडलेलें रक्त पडद्याच्या खालच्या अंगास लागून तो चिडला म्हणजे ही तक्रार मेंदूकडे जाते खरी, पण ती कोठून आली हें मेंदूस नीट उमगत नाहीं, व तो तें दुखणें खांद्याच्या खात्यावर मांडतो. हान्स केर ह्या जर्मन शल्यवैद्याच्या नांवानें ही खूण ओळखली जाते. मनुष्य आडवा झाला कीं रक्त पडद्याकडे सरकतें व खांदा अधिकच दुखूं लागतो. बाकावर निजल्यावर तो मुलगा "सर, आतां जास्तच दुखतें" असें म्हणाला होता. मलम अजून जिरलें नसेल, असा मीं त्याचा अर्थ केला.

पानथरी फुटून मनुष्य दगावणें ही गोष्ट आपल्या देशास नवी नाहीं. हिंवतापाचे हल्ले वारंवार झाले म्हणजे पानथरी फुगते, कधीं कधीं बेंबीच्याहि खालीं उतरते. एकेकाळीं हें इतकें सरसहा होतें कीं, एखाद्या गांवांत हिंवताप किती आहे हें ठरविण्यासाठीं सरकारी डॉक्टर तेथील मुलांस रांगेनें उभें करून त्यांचीं पोटें चांचपीत, आणि शंभरांत कितींची पानथरी हातास लागते तें टिपून घेत. पंजाबांत कालव्यांच्या कांठच्या गांवीं १८४० च्या दशकांत ही रीत प्रथम अमलांत आली. अशी फुगलेली पानथरी थोड्याशा धक्क्यानेंहि फुटते. आणि ह्याच वैद्यकीय सत्यास आपल्या इतिहासांत एक काळी बाजू आहे. एका रविवारीं आग्रा येथें फुलर नांवाचे एक इंग्रज वकील सहकुटुंब चर्चला निघाले असतां त्यांचा मोतद्दार कटवारू हा गाडीपाशीं हजर नव्हता. तो आल्यावर फुलर यांनीं त्याच्या तोंडावर चापट्या मारल्या व केंस धरून ओढिलें. तो खालीं पडला, उठून शेजारच्या आवारांत गेला व तेथेंच गतप्राण झाला. शवचिकित्सेंत त्याची वाढलेली पानथरी फुटल्याचें आढळलें. मॅजिस्ट्रेटनें फुलर यांस तीस रुपये दंड केला. १८७६ सालीं व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांनीं ह्या निकालावर उघड ठपका ठेविला व त्यावरून अँग्लो-इंडियन वर्तमानपत्रांत मोठें काहूर उठलें. नोकर धन्याच्या हातच्या मारानें मेला आणि दोष मात्र त्याच्या पानथरीवर गेला, असे खटले त्या काळीं एकापेक्षां अधिक झाले. डॉक्टरांची साक्ष खोटी होती असें मी म्हणत नाहीं. रोगट पानथरी नाजूक असते हें खरेंच आहे. परंतु ज्याचा अवयव नाजूक त्यास मारण्याचा गुन्हा हलका होतो, हा तर्क वैद्यकशास्त्रानें शिकविलेला नव्हे. आजहि पोटास मार लागलेला रोगी आला म्हणजे त्यास अलीकडे ताप येऊन गेला काय, हें डॉक्टर विचारतात; त्याचें कारण हेंच आहे.

हा अवयव शरीरांत कशासाठीं आहे हें मात्र फार शतकें कोणास सांगतां येईना. रोमच्या काळांतील प्रसिद्ध वैद्य गॅलेन यानें तो गूढांनीं भरलेला आहे एवढें म्हणून ठेविलें. ॲरिस्टॉटलच्या मतें तर त्यावांचून प्राण्याचें फारसें अडत नसावें. पुढें गुंगीचें औषध हातीं आल्यावर शल्यवैद्य पोट उघडूं लागले. १८६७ सालीं पॅरिस येथें झ्यूल पेआं यानें एका रुग्ण स्त्रीची पानथरी काढली व ती बाई बरी झाली. पानथरीवांचून मनुष्य जगतो, हें तेव्हां डोळ्यांनीं दिसलें. मग अपघातांत फाटलेली पानथरी राखावयाची कशाला? बर्न येथील थिओडोर कोखर हे त्या काळचे शल्यवैद्यांतील धुरीण. त्यांस १९०९ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें होतें. त्यांच्या ग्रंथाच्या १९११ सालच्या इंग्रजी आवृत्तींत असा स्पष्ट उपदेश आहे कीं, दुखावलेली पानथरी काढूनच टाकावी. काढल्यानें कांहीं अपाय होत नाहीं, आणि रक्तस्रावाचें भय मात्र समूळ जातें. येथें मला नेहमीं एका गोष्टीचें नवल वाटतें. गळ्यांतील थायरॉइड ग्रंथि समूळ काढली तर रोगी पुढें मंद व सुजट होतो, हें १८८३ सालीं आपल्याच रोग्यांवरून जगास प्रांजळपणें सांगणारे कोखर हेच. एका अवयवाविषयीं इतका महाग धडा घेतलेल्या मनुष्यास दुसऱ्या अवयवाविषयीं शंका येऊं नये! परंतु त्यांस दोष देणें सोपें आहे. त्या काळीं पोटाच्या आंत डोकावण्याचें एकच साधन होतें, तें म्हणजे सुरी. आंत किती फाटलें आहे, रक्त थांबलें कीं वाहातें आहे, हें पोट चिरल्यावांचून कळत नसे, रक्तपेढ्या नव्हत्या, आणि थांबून राहिलेले रोगी दगावत. अशा स्थितींत पानथरी काढण्यानें असंख्य प्राण वांचले, व आजहि वांचतात.

कोखर यांच्या मताविरुद्ध पहिला इशारा उंदरांनीं दिला. पानथरी काढलेले उंदीर जंतुसंसर्गास अधिक लवकर बळी पडतात, असे प्रयोग मॉरिस व बुलक ह्या दोघांनीं १९१९ सालीं प्रसिद्ध केले. त्यांकडे फारसें कोणी लक्ष दिलें नाहीं. पुढें १९५२ सालीं अमेरिकेंतील किंग व शूमॅकर ह्या शल्यवैद्यांनीं पांच तान्ह्या बालकांची हकीकत छापली. रक्ताच्या एका आनुवंशिक विकारासाठीं त्यांची पानथरी काढण्यांत आली होती. शस्त्रक्रिया यथासांग पार पडली होती. आणि पुढें त्यांस मेंदूच्या आवरणाचा दाह व रक्तांतील जंतुदोष असल्या भयंकर आजारांनीं गांठलें. एवढ्या थोड्या मुलांत असें घडणें हा योगायोग म्हणून सोडून देतां येईना. मग जुन्या नोंदी चाळून पाहिल्या जाऊं लागल्या, आणि अपघातानंतर पानथरी काढलेल्या मुलांमाणसांतहि तसलींच उदाहरणें सांपडूं लागलीं.

कारण आतां चांगलें कळलें आहे. पानथरी हें रक्ताचें गाळणें आहे. तांबड्या पेशी सुमारें १२० दिवस जगतात. त्यांतील जीर्ण झालेल्या पेशी ती निवडून मोडीत काढते. परंतु तिचें मोलाचें काम निराळें आहे. कांहीं जंतु आपल्या अंगाभोंवतीं एक गुळगुळीत वेष्टन बाळगून असतात, त्यामुळें शरीराच्या रक्षक पेशींना ते सहसा धरतां येत नाहींत. न्यूमोनिया करणारा न्यूमोकॉकस हा त्यांतला मुख्य. पानथरींत रक्ताची गति मंद होते, तेथें ह्या जंतूंची गांठ रक्षक पेशींशीं पडते, व त्यांच्याविरुद्ध लागणारीं द्रव्येंहि तेथें लवकर तयार होतात. पानथरी नसली म्हणजे एखादे वेळीं सकाळीं थंडी वाजून ताप भरावा आणि एकदोन दिवसांतच मनुष्य हातचा जावा, असें घडूं शकतें. हा प्रकार विरळा आहे हें खरें. परंतु तो लहान मुलांत अधिक, शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या दोनतीन वर्षांत अधिक, आणि त्याचें भय जन्मभर पुरतें जात नाहीं.

मग फाटलेली पानथरी राखतां येईल काय? ह्या प्रश्नाचें उत्तर कॅनडांतील टोरोंटो शहरच्या मुलांच्या रुग्णालयांतून आलें. तेथील शल्यवैद्य १९४० च्या दशकाच्या अखेरीपासून कांहीं निवडक मुलांस शस्त्रक्रियेवांचून संभाळीत आले होते. १९६८ सालीं डॉ. उपाध्याय व डॉ. सिम्सन यांनीं तेथील अनुभव प्रसिद्ध केला. शस्त्रक्रिया केलेल्या पुष्कळ मुलांचें पोट उघडून पाहावें तों रक्तस्राव आधींच थांबलेला असे, हें त्यांच्या ध्यानांत आलें. पानथरींतील रक्तवाहिन्या फांद्यांसारख्या निरनिराळ्या भागांत आडव्या गेलेल्या असतात. फाटहि बहुधा त्याच दिशेनें, दोन भागांच्या मधून जाते, म्हणून मोठी वाहिनी सहसा तुटत नाहीं. मुलांचें आवरण जाड व चिवट आणि वाहिन्या आकसून घेण्यांत तरबेज. त्यामुळें गुठळी लवकर धरते. हे डॉ. उपाध्याय आपल्याच देशांतील. पुढें नवी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेंतील बालशल्यचिकित्सेचे प्राध्यापक म्हणून त्यांचा लौकिक झाला. त्याच १९६८ सालीं त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं माकडांवर केलेले प्रयोगहि प्रसिद्ध झाले, आणि पानथरीची जखम आपली आपण भरून येऊं शकते हें त्यांवरून दिसलें. तरीहि वैद्यकीय जगानें हें मत चटकन स्वीकारलें नाहीं. अनेक मोठ्या शल्यवैद्यांस तें साहस वाटलें, आणि त्यांचें म्हणणें अगदींच चुकीचें होतें असें नाहीं. जोंवर आंत डोकावतां येत नव्हतें तोंवर थांबणें म्हणजे कांहीं अंशीं जुगारच होता. तो जुगार संपविला यंत्रांनीं. १९८० च्या दशकांत सी. टी. स्कॅनचा प्रसार झाला, आणि पोट न चिरतां फाट कोठें आहे, किती खोल आहे, रक्त किती सांडलें आहे, हें पाहतां येऊं लागलें.

१९८९ सालीं अमेरिकेंतील शल्यवैद्यांच्या एका संस्थेनें ह्या जखमांचे पांच दर्जे ठरविले. २०१८ सालीं त्यांत सुधारणा झाली. पहिल्या दर्जांत आवरणाची लहानशी चीर, तर पांचव्यांत पानथरीचा अक्षरशः चुरा. कोणास वाटेल कीं, पहिल्या तीन दर्जांस औषध व शेवटच्या दोहोंस सुरी, असा हिशेब असेल. तसें मुळींच नाहीं. निकाल चित्रावरून लागत नाहीं. तो रोग्यावरून लागतो. नाडी स्थिर आहे काय, रक्तदाब टिकून आहे काय, हातपाय ऊबदार आहेत काय, मनुष्य शुद्धीवर नीट बोलतो काय, हें पहिलें. २०१७ सालीं आपत्कालीन शल्यचिकित्सकांच्या जागतिक संस्थेनें जी वर्गवारी केली तींत तर हीच गोष्ट मुख्य धरली आहे: जखम लहान असली तरी रोगी ढासळत असेल तर ती गंभीरच. आमच्या विद्यार्थ्याची जखम तिसऱ्या दर्जाची होती. परंतु द्रव दिल्यावर त्याची नाडी खालीं आली व खालींच राहिली, म्हणून त्याचें पोट चिरलें गेलें नाहीं. नाडी पुन्हां चढती, रक्तदाब घसरता, तर त्यास स्कॅनच्या खोलींत न नेतां थेट शस्त्रक्रियागृहांत नेलें असतें. आणि तेथें एक मिनिटहि दवडणें हा अपराध झाला असता. वडिलांस हें त्या वेळीं कळलें असतें तर त्यांच्या मनांतला पैशांचा संशय आपोआप गेला असता, असें मला वाटतें.

सुरी व नुसतें पाहणें यांच्या मधलाहि एक मार्ग आहे. मांडीच्या सांध्याजवळील किंवा मनगटाजवळील रोहिणींतून एक बारीक नळी सरकवीत पानथरीच्या रोहिणीपर्यंत नेतात, व रक्त जेथून गळतें तेथें धातूचीं बारीक वेटोळीं सोडून तो मार्ग बुजवितात. ह्या उपायानें दुखावलेली पानथरी वांचवितां येते, हें न्यू यॉर्कच्या स्क्लाफानी यांनीं १९८१ सालीं दाखविलें. प्रौढ रोग्यांत त्याचा उपयोग अधिक होतो. परंतु त्याला लागणारें यंत्र व तरबेज मनुष्य मोठ्या शहरांतच मिळतात. कधीं पोट उघडल्यावरहि पानथरी शिवून किंवा तिचा फाटका भागच तेवढा काढून उरलेली राखतां येते. आज मुलांपैकीं दहांत नऊंहून अधिक पानथरीच्या जखमा शस्त्रक्रियेवांचून बऱ्या होतात. प्रौढांतहि, प्रकृति स्थिर असेल तर, बहुतेकांवर प्रथम हाच उपचार करतात. मात्र वय जितकें अधिक तितकी त्यांत फसगतहि अधिक.

"नुसते पाहात बसणार?" ह्या शब्दांत मुलाच्या वडिलांनीं जें पाहणें गृहीत धरिलें होतें, तें व रुग्णालयांतील पाहणें यांत फार अंतर आहे. त्या मुलाच्या दोन्ही हातांच्या शिरांत सुया होत्या. त्याच्या रक्ताचा गट ठरवून त्याच्याशीं जुळणाऱ्या पिशव्या तयार ठेविल्या होत्या. पहिल्या रात्रीं नाडी व रक्तदाब ठराविक वेळीं मोजून कागदावर उतरवीत, कांहीं तासांनीं रक्त काढून त्यांतील हिमोग्लोबिन तपाशीत, आणि एकच डॉक्टर पुनःपुन्हां येऊन पोटावर हात ठेवून तें कडक होतें आहे काय हें बघत. तोच हात असला म्हणजे फरक कळतो, असें ते म्हणाले. मुलास तोंडानें कांहीं दिलें नव्हतें, कारण कोणत्याहि क्षणीं गुंगी देण्याची पाळी आली असती. शस्त्रक्रियागृहांतील मंडळींस सूचना होती. जेथें रात्रंदिवस शल्यवैद्य, रक्त व शस्त्रक्रियागृह सज्ज नाहीं, तेथें हा उपचार करूंच नये. तेथून रोग्यास लवकर पुढें पाठवावें, आणि तशी सोय नसेल तर पानथरी काढणेंच शहाणपणाचें. पालकांनीं आपल्या तालुक्याच्या गांवीं ही गोष्ट विशेष ध्यानांत ठेवावी. एका ठिकाणीं न चिरणें हा उत्तम उपचार असेल, तोच दहा कोसांवर प्राणघातक होऊं शकेल.

पूर्वीं अशा मुलांस आठवडेच्या आठवडे खाटेवर निजवून ठेवीत. २००० सालीं अमेरिकेंतील बालशल्यवैद्यांच्या संस्थेनें एक सुटसुटीत नियम दिला: जखमेचा दर्जा जितका, त्यांत एक मिळवून तितके दिवस रुग्णालयांत, आणि दर्जांत दोन मिळवून तितके आठवडे दांडगाई बंद. विद्यार्थ्यांनीं हा हिशेब स्वतःच करावा: तिसरा दर्जा, म्हणून चार दिवस व पांच आठवडे. पुढें असेंहि दिसून आलें कीं, मूल स्थिर असेल, जेवूं लागलें असेल, चालतांना दुखत नसेल, तर त्याहून लवकर घरीं सोडण्यास हरकत नाहीं. दांडगाईविषयींचा निर्बंध मात्र डॉक्टर अजून पाळावयास लावतात, कारण धरलेली गुठळी कच्ची असते, आणि क्वचित् कांहीं दिवसांनीं पुन्हां रक्तस्राव होतो. घरीं आल्यावर एकाएकीं पोट दुखणें, घेरी येणें, फिकटपणा किंवा खांद्याचें तें चमत्कारिक दुखणें पुन्हां सुरू झालें, तर सकाळची वाट पाहूं नये. दुखण्यावर मनानें गोळ्या देऊं नयेत. ॲस्पिरिनसारख्या कांहीं गोळ्यांनीं रक्त गोठण्यास अडथळा येतो.

ज्यांची पानथरी काढावीच लागली त्यांनीं घाबरून जाण्याचें कारण नाहीं; असे हजारों लोक शिकतात, नोकऱ्या करतात, संसार करतात. परंतु आपल्याला पानथरी नाहीं हें त्यांस स्वतःस, घरच्यांस व प्रत्येक नव्या डॉक्टरास माहीत असलें पाहिजे, आणि आपल्याकडे ढिलाई होते ती येथेंच. पोटावरचा व्रण राहतो, कागद हरवतात, आणि दहा वर्षांनीं "लहानपणीं कसलेंसें ऑपरेशन झालें होतें" एवढेंच लक्षांत उरतें. न्यूमोकॉकस, मेनिंगोकॉकस व हिमोफिलस ह्या तीन जंतूंविरुद्धच्या लसी त्यांनीं घ्यावयाच्या असतात, अपघातानंतर शस्त्रक्रिया झाली असल्यास साधारणतः दोन आठवड्यांनीं. त्यांतील कांहीं पुढें पुनः घ्याव्या लागतात. लहान मुलांस पुष्कळदां कांहीं वर्षें रोज पेनिसिलिनहि देतात. थंडी वाजून ताप आला तर तो साधा पडसें-खोकला समजून घरीं काढा देत बसूं नये, त्याच दिवशीं डॉक्टरकडे जावें. कुत्रा चावला तर जखम लहान असली तरी डॉक्टरला दाखवावी, कारण कुत्र्याच्या लाळेंतील एक जंतु अशा लोकांस विशेष घातक असतो. हिंवतापाच्या प्रदेशांत मच्छरदाणी व प्रतिबंधक औषध यांत कुचराई नको. जिच्या फुगण्यानें आपल्या पूर्वजांचे प्राण धोक्यांत आले, तिच्या नसण्यानेंहि तोच ताप अधिक बाधतो, हा विचित्र योग आहे.

मुलांनो, तुमच्यासाठीं एकच सांगणें आहे, आणि तें मी स्वतःच्या चुकीवरून सांगतों. पोटावर किंवा डाव्या बरगड्यांवर मार लागला असेल तर तो घरीं सांगा, मार खाण्याची धास्ती असली तरी सांगा. सायकल कोणाची होती व परवानगी घेतली होती कीं नाहीं, हें मागाहून पाहतां येईल. लहान मुलाचें शरीर रक्त गेलें तरी बराच वेळ रक्तदाब टिकवून धरतें, आणि धरतें धरतें तों एकदम सोडून देतें. म्हणून चेहरा फिका व नाडी जलद झाली कीं उशीर करूं नये. रुग्णालयांत नेतांना त्यास चालवूं नये, कांहीं खावयास-प्यावयास देऊं नये, पोट चोळूं नये. मलमाविषयीं तर बोलावयासच नको.

आमचा विद्यार्थी पांचव्या दिवशीं घरीं गेला, आणि त्यानंतरचे पांच आठवडे खेळाच्या तासाला मैदानाच्या कडेला खुर्चीवर बसून धांवांची वही लिहीत असे. वहींत त्यानें एकदां स्वतःच्या वर्गाच्या सात धांवा अधिक मांडल्या, तेव्हां तो पूर्ण बरा झाला अशी माझी खात्री पटली. त्याचे वडील मला मध्यंतरीं बाजारांत भेटले. सायकल विकून टाकली काय, असें मीं विचारलें. ते म्हणाले, "नाहीं सर, विकून काय होणार? हँडलच्या मुठीचें रबर झिजून आंतली नळी उघडी पडली होती, तीच त्याला लागली. नवीन रबर बसवून घेतलें, दोन्ही बाजूंस." दुसऱ्या दिवशीं प्रार्थनेपूर्वीं मीं शाळेच्या सायकलतळावर फेरी मारली. बेचाळीस सायकली होत्या. अकरा सायकलींच्या मुठींचीं टोंकें उघडीं होतीं.